चार बोटांची फट

नानांनी छत्तीस वर्षं काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंग केलं, आणि छत्तीस वर्षांत त्यांच्या हातची एक बरणी वाटेत फुटली नाही. हे ते स्वतःच सांगत, त्यामुळे एखाददुसरी फुटलीही असेल. पण माणूस कामाचा पक्का, यात शंका नाही. खोक्यात पोकळी दिसली की ती भरायची, हा त्यांचा नेम. निवृत्तीनंतर मुलीकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिच्या कपाटातल्या कपांमध्ये कागदाचे बोळे कोंबून ठेवले. मुलगी चहा करायला गेली की आधी बोळे काढायची आणि मग कप.

महिन्यापूर्वी ते मागच्या पायऱ्यांवर घसरले. कडाक्याची थंडी, पायऱ्यांवर पहाटेचं दव गोठलेलं, आणि पायात झिजलेल्या सपाता. खुब्याच्या हाडाला बारीक तडा गेला. ऑपरेशन टळलं, काठी आली, आणि काठीच्या पाठोपाठ कुलूप आलं.

मुलगी इस्पितळात नर्स होती. दिवसभर पडलेली, मोडलेली म्हातारी माणसं उचलून तिचे हात भरून यायचे, तेव्हा या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ड्युटीवर निघताना ती पुढचं दार बाहेरून बंद करी आणि मागच्या दाराला आतून कुलूप घाली. त्या कुलपाची किल्ली घरातच कुठेतरी होती. "आग लागली तर फोन करा, कुठे आहे ते सांगीन," असं तिने बजावलं होतं. सोमवारी खुब्याचा नवा एक्स-रे फोटो काढायचा होता. तो बरा आला तर किल्ली नानांच्या हातात द्यायची, तोवर नानांनी मागे पाऊल टाकायचं नाही, असा करार झाला होता. नानांनी शब्द दिला होता आणि महिनाभर पाळलाही होता. पण घर खायला उठायचं. सकाळी दार बंद झाल्याचा आवाज आला की त्यांना रोज नव्याने अपमान झाल्यासारखं वाटे. ज्या पोरीला बोट धरून चालायला शिकवलं तिने आपल्याला कोंडावं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एरवी नात शाळेतून आली की घरात जरा जीव यायचा. पण ती चार दिवस शाळेच्या सहलीला गेली होती आणि जाताना आपले दोन ससे नानांच्या गळ्यात मारून गेली होती. एक ढब्बू, पांढरा आणि खादाड. दुसरी काजळी, डोळ्यांभोवती काळी कड असलेली आणि भित्री. नुसतं झाकण पडलं तरी थरथरणारी. दोघांचं लाकडी खुराडं मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होतं. सहलीच्या तिसऱ्या दिवशी, शनिवारी, संध्याकाळी सात वाजता नदीवरच्या नव्या पुलाचं उद्घाटन होतं, आणि अर्धा तास फटाके उडणार होते. नातीने त्यासाठी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून ठेवला होता. सशांना घरात आणू नका, उबेतून पुन्हा गारठ्यात गेले की आजारी पडतात. वरून आणि तीन बाजूंनी ब्लँकेट घाला. समोरच्या जाळीवर चार बोटांची फट ठेवा. लपायच्या पेटीत पेंढा अर्धाच भरा. शेवटी लिहिलं होतं, "नाना, मी तुमच्या भरवशावर जातेय."

नानांना कागद वाचून हसू आलं. चार बोटांची फट म्हणे. दहा वर्षांची पोर पॅकिंग शिकवायला निघाली.

शनिवारी सकाळी मुलीने ड्युटीआधी अर्धा तास त्यांच्यासाठी मागचं दार उघडलं आणि दंडाला धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या. नाना खुराड्याला भिडले. आधी बुडबुड्यांचं प्लास्टिक वरून आणि चारही बाजूंनी, त्यावर वरून आणि तीन बाजूंनी ब्लँकेट, समोरच्या जाळीवर प्लास्टिकचाच दुसरा थर, आणि सगळ्या कडांना चिकटपट्टी. लपायची पेटी त्यांनी पेंढ्याने काठोकाठ ठासून भरली. खुराड्याच्या कोपऱ्यांत थर्माकोलचे तुकडे बसवले. महिन्यानंतर हातांना काम मिळालं होतं, आणि हात थांबायला तयार नव्हते. मुलगी घड्याळ बघत उभी होती.

"नाना, तिने फट ठेवायला सांगितलीय ना?"

"फटीतून गारठा येतो आणि आवाजही येतो. तू तुझी इंजेक्शनं बघ."

ती हसली, त्यांना वर घेऊन आली, कुलूप घातलं आणि गेली.

संध्याकाळी नाना खिडकीशी चहा घेत बसले आणि आपल्या कामाकडे कौतुकाने बघत राहिले. पाचच्या सुमाराला त्यांना जाळीवरचं प्लास्टिक आतून पांढुरकं दिसलं. सहाला त्यावरून थेंब ओघळताना दिसले. आधी त्यांना वाटलं, ऊब धरतेय, छान. मग कपातला घोट तोंडातच राहिला. काचेचं खोकं कधी आतून ओलं होत नाही, कारण काच श्वास घेत नाही. आपण दोन जिवंत जनावरं डबाबंद करून ठेवलीत, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पेंढा ओला होणार, ससे ओले होणार, आणि रात्री तीच ओल गोठणार. तेही मुळात रात्रीपर्यंत हवा पुरली तर.

सव्वासहाला नदीकाठच्या मैदानावर कोणीतरी चाचणीचा एक बार उडवला. खुराड्यातून दण्ण असा आवाज आला, पुन्हा दण्ण. घाबरलेला ससा मागचा पाय आपटतो, हे नातीने त्यांना शिकवलं होतं. तिसरा आवाज आलाच नाही, आणि ते जास्त वाईट होतं. लपायची पेटी तर त्यांनी स्वतःच भरून टाकली होती. काजळी आता जाणार कुठे?

त्यांनी वॉर्डात फोन लावला. मुलगी फोनवर यायला पाच मिनिटं लागली.

"काय झालं? पडलात का?"

"नाही गं. किल्ली कुठे आहे सांग. सशांना हवा नाहीये. मी चुकलो."

"नाना, पायऱ्या ओल्या असतील आता. मी सव्वाआठला येते, आल्या आल्या उघडते."

"सातला फटाके आहेत. तोवर मरतील ती."

"मरत नाहीत. तुम्ही शब्द दिलाय," ती म्हणाली. पाठीमागे कोणीतरी पाणी मागत होतं. "मला जायला हवं. खिडकीशी बसू नका, थंडी लागेल."

फोन बंद झाला. नानांनी शेजारच्या शिक्षकाला दोनदा फोन केला. तो उचलेना, बहुतेक पुलावरच असावा. खिडकीला गज होते. त्यांनी गजांतून काठी बाहेर घालून बघितली, ती खुराड्यापासून दोन हात अलीकडेच संपली. जाळीमागे काहीतरी पांढरं प्लास्टिकला चिकटून होतं आणि त्याच्या कुशी भराभर खालीवर होत होत्या. नानांना रडू फुटलं. घरात कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते आवरलंही नाही.

मग नाक पुसून ते विचार करू लागले. मुलगी किल्ली कुठे ठेवील? माळ्यावर नाही, कारण ते स्टुलावर चढतील अशी भीती तिला असणार. पलंगाखाली नाही, वाकताना तोल जाईल. मोरीजवळ नाही, तिथे फरशी निसरडी. ते शोधू लागले तरी पडणार नाहीत, अशाच जागी ती ठेवणार. म्हणजे कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. असा हिशेब केल्यावर घर एवढंसं उरलं. सातव्या मिनिटाला त्यांना तिच्या इस्त्रीच्या कपड्यांच्या कप्प्यात, घडी घातलेल्या पांढऱ्या गणवेशाखाली किल्ली सापडली. महिनाभर ती त्यांच्या हाताशी होती. त्यांनी कधी शोधली नव्हती, कारण शब्द दिला होता.

किल्ली हातात घेऊन ते थोडा वेळ तिथेच थांबले. सोमवार परवावर आला होता. आज दार उघडलं तर पुढचा सगळा हिवाळा या चार भिंतींत जाईल, आणि तसं करण्याचा मुलीला पूर्ण हक्क असेल. हे सगळं कळत असूनही ते दारापाशी गेले.

पायऱ्या पाच होत्या. ते त्या बसूनच उतरले, एकेक पायरी सरकत, भाजीची सुरी दातांत धरून. कोणी पाहिलं असतं तर म्हातारा दरोड्याला निघालाय असंच वाटलं असतं. खुराड्याशी पोचले आणि मैदानावर पहिला बाण सुटला.

त्यांनी चिकटपट्टी टरटर कापली. आतून कोंदट, आंबट वाफ आली. ढब्बू जाळीशी चिकटून धापा टाकत होता. काजळी मागच्या कोपऱ्यात थर्माकोलवर डोकं दाबून बसली होती, तोंड उघडं, अंग चिंब. नानांनी पेटीतला पेंढा मुठींनी उपसला, ओला सगळा बाहेर फेकला, तळाचा कोरडा तेवढा राखला. पेटी अर्धी रिकामी झाल्याबरोबर काजळी तीरासारखी आत घुसली, मागून ढब्बू. आपल्या गळ्यातल्या लोकरी मफलरने त्यांनी हात घालून काजळीला पुसलं. मग ब्लँकेट वरून आणि तीन बाजूंनी घातलं, समोर चार बोटं मोजून फट ठेवली, आणि बादली पालथी घालून ते फटीसमोर बसले. आकाश फुटत होतं. नाना हलक्या आवाजात जुन्या मालाची यादी म्हणत राहिले, बरण्या बारा डझन, पेले चोवीस डझन, कारण सतत एका सुरात बोलण्यासारखं त्यांना दुसरं काही सुचेना. पेटीतून दोनदा पाय आपटल्याचा आवाज आला, नंतर नाही. त्यांनी फटीतून बोट घातलं. कोणाचं तरी गरम नाक त्याला लागलं.

साडेसातला फटाके थांबले आणि मागच्या दारात मुलगी उभी दिसली. बाकीची ड्युटी कोणाच्या तरी गळ्यात मारून ती पळत आली होती. कोटाची बटणं उलटसुलट लागली होती.

"जिवंत आहेत," नाना म्हणाले.

पायऱ्या उतरून तिने आधी त्यांचा खुबा चाचपला, मग गुडघे, मग मनगटं, इस्पितळात कोणाचीही तपासावी तशी. मग ती खालीच बसली.

"अर्धा तास फोन करतेय मी. वाजत होता, उचलत नव्हतं कोणी. तुम्ही पायऱ्यांखाली पडलेले मला दिसत होते. रुग्णाला औषध पाजत होते आणि मला तुम्हीच दिसत होतात."

"ती मरत होती गं."

"मला कळत नाही का?" ती म्हणाली. "पण मी रोज बारा तास तिथे कशी असते, ते कधी विचारलंत? तुम्हाला वाटतं कुलूप तुम्हालाच आहे."

नानांना हे कधीच सुचलं नव्हतं. आपल्याला कोंडून ती मोकळी फिरते, असंच महिनाभर त्यांनी धरलं होतं. त्यांनी तिच्या कोटाची दोन बटणं काढून नीट लावली. तिने त्यांना दंडाला धरून वर आणलं, गरम पाण्याची पिशवी दिली, अंगणात परत जाऊन काजळीला कोरडा पेंढा घालून आली. रागावली नाही. किल्लीबद्दल विचारलंही नाही. गडबडीत ती विसरली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. किल्ली नानांच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि तिथेच राहिली असती तरी चार दिवस कोणाला पत्ता लागला नसता.

नानांनी ती काढून टेबलावर तिच्यापुढे सरकवली.

"घे," ते म्हणाले. "फोटो कसाही येवो. तुझ्याकडेच ठेव."

त्यांना वाटलं, ती निदान एकदा तरी नको म्हणेल.

तिने किल्ली उचलली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकली.