पांढरा पडलेला कोबा

मित्रांनो, मी एक जुना कोबा आहे, म्हणजे सिमेंटची साधी जमीन. भांडुपच्या एका इमारतीत, तळमजल्यावरच्या खोलीत माझा जन्म झाला. बालपण ओल्या गोणपाटाखाली गेलं. मग माझ्यावरून कपाटं ओढली गेली, माझ्यावर नारळ फुटले. इतक्या वर्षांत माझं कौतुक एकदाच झालं: पाहुण्यांनी सांडलेली आमटी दिसली नाही म्हणून.

यंदा रत्नप्रभाबाईंना या खोलीत शिवणक्लास काढायचा होता. त्यांच्या मुलाने, केतनने, मला तांबडा रंग चढवला.

"अगं बाई, आगळ सांडल्यासारखा दिसतोय!" बाई म्हणाल्या. मालवणी घरात कोकमाच्या रसाशी तुलना म्हणजे मोठाच मान. मी मनातून फुललो.

आता रंग टिकावा म्हणून त्यावर पारदर्शक सीलर लावायचा राहिला होता. पण बाईंना धूळ बघवत नाही. त्यांनी सकाळी मला ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. मी वरून सुकलो, आतून ओलाच होतो. हे सांगायला मला तोंड नाही. केतनने पातळ हात मारला, तरी डब्यात बराच सीलर उरला.

"आई, उरलेल्याचं काय करू?"

"उरवून काय लोणचं घालायचंय? संपव सगळा!"

केतनने उरलेल्याचा जाड हात मारला आणि दुपारपर्यंत मी पांढराफटक पडलो. अंगावर फोड आले.

केतनचे वडील मार्तंडराव दारातूनच म्हणाले, "वाट लागली. सोमवारी धोंडिरामला बोलावतो. टाइल्स बसवून टाकू."

मित्रांनो, टाइल्स बसवण्याआधी जमिनीला छिन्नीने टाचे मारतात. माझ्या शेजारच्या खोलीतल्या कोब्याला मारले होते. भिंतीतून सगळं कळत होतं. आता तो टाइल्सखाली आहे आणि काही बोलत नाही.

रत्नप्रभाबाईंनी घाबरून मला खोबरेल चोळलं. पांढरेपणा गेला! संध्याकाळभर मी झकास दिसलो. सकाळी तेल पुसलं, तर पुन्हा तसाच. वर मार्तंडराव घसरले, ते वेगळंच.

"केसांना लावायचं तेल जमिनीला लावतेस?"

"तुमच्या डोक्याला तरी कुठे उपयोग झाला!"

शेवटी केतनने सीलर आणला त्या दुकानात फोन केला. दुकानदार हसला, म्हणजे चूक रोजचीच असावी. त्याने सांगितलं तसं रविवारी खिडक्या उघडल्या, उरलेला तेलकटपणा काढला, मला नीट सुकू दिलं. मग केतनने दारामागच्या कोपऱ्यात थोडं थिनर रोलरने फिरवलं. सीलर मऊ झाला, आतली कोंडलेली ओल सुटली आणि कोपऱ्यात तो आगळासारखा तांबडा रंग दिसू लागला. मग त्याने खिडकीकडून दाराकडे मागे सरकत सगळ्या खोलीवर तसाच हलका रोलर फिरवला.

अर्धी खोली झाली आणि दारात मार्तंडराव उभे. हातात अगरबत्ती आणि काडेपेटी.

"वास फार येतोय, म्हटलं जरा…"

"बाबा, काडी ओढू नका!" केतन ओरडला. "थिनर आहे, पेटेल सगळं!"

टाचे परवडले, असं मला पहिल्यांदाच वाटलं. मार्तंडराव काडेपेटी खिशात घालून बाहेर गेले.

सीलर पुन्हा बसला तेव्हा खिडकीपाशी दोन फोडांचे वण राहिले. बाकी मी तांबडा. मार्तंडरावांनी वाकून तळवा फिरवला.

"धोंडिरामला काय सांगू?"

"सांगा, पोट बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"कोणाचं?"

"तुमचं. अजून कोणाचं बिघडतं?"

त्यांनी फोन लावला. मी ऐकत होतो. सोमवार टळला, मित्रांनो.

तरी धाकधूक आहेच. शिलाई मशीन उद्या यायचंय आणि मी अजून आतून हळवा आहे. म्हणून विनंती एवढीच: आमच्या बाबतीत चूक झाली तर तिच्यावर तेल चोळू नका आणि लगेच छिन्नीही आणू नका. आधी एका कोपऱ्यात थोडं करून बघा. आणि सुकायला वेळ द्या. मी जमीन आहे, पळून कुठे जाणार आहे?