अठ्ठेचाळीसमागचा चमचा

पाचाला पाच कमी असले की मी गॅस बंद करते, खिडकी लावून घेते, ढमीला मांडीवर बसवते आणि रेडिओचा कान पिळते. ढमी म्हणजे आमची लेक, अकरा महिन्यांची. रेडिओत तिचा बाबा. देशभरातल्या साथीचे रोजचे आकडे तो वाचतो. नवे रुग्ण किती, बरे होऊन घरी गेले किती, दगावले किती. आधी देशाचे, मग विभागवार. एकोणतीस दिवस झाले, तो रेडिओ केंद्रातच राहतोय. वाचणाऱ्या चौघांना बाहेरचं वारं लागू नये म्हणून तिसऱ्या मजल्यावर खोल्या दिल्यात. त्याचा आवाज आला की ढमी टाळ्या वाजवते.

खरं सांगायचं तर मी आकडे ऐकतच नव्हते. संख्याशास्त्र घेऊन पदवी काढलेली बाई मी, आणि आकडे सोडून बाकी सगळं ऐकत होते. श्वास कुठे घेतला, नाक चोंदलंय का, नीट जेवलाय का. दहा मिनिटांचं बातमीपत्र संपलं की मग उरलेला दिवस सुरू व्हायचा. तो संपता संपत नसे.

"तुझं बरंय बाई," शेजारच्या शिंपीणबाई गॅलरीतून म्हणायच्या. त्या दिवसभर मास्क शिवत. "नवरा रोज वेळेवर बोलतो तरी. आमचे घरात बसून तोंड उघडत नाहीत."

गेल्या शुक्रवारपासून त्याचे फोन येणं बंद झालं. नुसते निरोप. 'आवाज जपायला सांगितलाय. लिहूनच बोलू. ढमीला पापा.' मी सासूबाईंना तेच कळवलं.

"आकडे वाचायला आवाज आहे, आईशी बोलायला नाही?"

"आई, नोकरी आहे ती त्याची."

"माहितीये गं. लहानपणी हाका मारमारून माझा घसा बसायचा, तेव्हाही ओ देत नव्हता." त्या हसल्या. "पण ठणठणीत वाटतोय ना?"

"ठणठणीत," मी म्हटलं. वाटतच होता तसा.

एकच गोष्ट खुपत होती. दगावलेल्यांचा आकडा सांगण्याआधी तो क्षणभर थांबतो. "तिथे धावून चालत नाही," असं मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "ऐकणाऱ्यांत त्यांच्या घरचं कुणीतरी असतं." आता तो थांबत नव्हता. घरी गेलेले आणि गेलेले, दोघांना एकच चाल. दमला असेल, मी मनाची समजूत घातली. माणसानं रोज रोज किती थांबायचं?

काल गुरुवार. "दक्षिण विभाग. नवे रुग्ण तीनशे अठ्ठेचाळीस," तो म्हणाला, आणि अठ्ठेचाळीसच्या पाठोपाठ बारीकसं टण्ण वाजलं.

तो आवाज माझ्या घरातला होता.

केंद्रात ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. वाचणारे तिथे राहायला जाण्याआधी मामांनी प्रत्येकाकडून शून्य ते नव्याण्णव, शंभर, शे, हजार, लाख, विभागांची नावं, असे सगळे सुटे शब्द बोलून घेतले होते. एखादा आजारी पडलाच तर तुकडे जोडता यावेत म्हणून. आवाज घुमू नये म्हणून आम्ही ते आमच्या कपाटात केलं. तो आत गोधड्यांच्या गठ्ठ्यावर, फोन तोंडाशी धरून. मी दारात यादी घेऊन खुणा करत होते. ढमी फरशीवर वाटी-चमच्याशी खेळत होती. अठ्ठेचाळीसला तिनं चमचा हाणला. तो इतका हसला की डोकं कपाटाच्या फळीवर आपटलं. "राहू दे गं, मामा काढतील," म्हणाला. मी ढमीच्या हातातून चमचा काढून घेतला आणि आम्ही एकोणपन्नासवर गेलो.

मामांना फोन लावला.

"मामा, तो कुठाय?"

"कोण वहिनी? आत्ताच तर वाचून…"

"मामा, अठ्ठेचाळीसला चमचा वाजला."



"काढला नाही मी तो," ते म्हणाले. "बरा वाटला. इथं लेकराबाळाचा आवाज कुठाय?" मग एका दमात सगळं सांगून टाकलं. शुक्रवारी वाचून झाल्यावर त्याची तपासणी झाली, शनिवारच्या आकड्यांत तो एक होता. गच्चीवरच्या खोलीत एकटा ठेवलाय. ताप कालपर्यंत होता, श्वास ठीक आहे, घसा पार गेलाय. "वाचायला बाकीचे तिघं आहेत हो. पण हट्टाला पेटला. रेडिओवर मी नसलो तर ती काळजीनं जीव टाकेल, म्हणाला. मला शपथच घातली."

शनिवारचा आकडा काय होता? मी ढमीला घेऊन इथेच बसले होते. त्याच्याच आवाजात त्याची गणती झाली, आणि मी ऐकलं काय, तर आवाज किती स्वच्छ लागलाय.

"त्याला सांगा, फोन उचल."

"वहिनी, बोलवत नाही त्याला."

"नाही बोलला तरी चालेल."

त्यानं उचलला. "अगं…" इतकंच आलं, फरशीवरून काहीतरी खरडत ओढल्यासारखं. मग खोकला, कितीतरी वेळ.

"बोलू नकोस," मी म्हटलं. "नुसता खोक. मी ऐकतेय."

तो खोकत राहिला. ढमीनं फोनकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं. तिला तो परका वाटला. मला मात्र सहा दिवसांत पहिल्यांदा तो घरात आल्यासारखा वाटला.

"उद्यापासून तुझा आवाज लावायचा नाही. मामांना सांग. तू स्वतः वाचशील तेव्हाच तू. कळलं?"

त्यानं फोनवर दोनदा नख वाजवलं.

आज पाचाला एका अनोळखी बाईनं वाचलं.

"आज तुझे कुठे गेले गं?" शिंपीणबाईंनी मशीन थांबवून विचारलं.

"आजारी आहेत," मी म्हटलं. हे मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

ढमीनं टाळ्यांसाठी वर केलेले हात तसेच धरले, मग खाली घेतले. मी तिला चमचा दिला आणि आकडे ऐकले. सगळे. दगावलेल्यांच्या आधी ती बाईही थांबली. बरे होऊन घरी गेले सातशे बारा. त्यात तो नव्हता. मी रेडिओ बंद केला नाही.