सगळ्यात मजबूत दोर

बाबांनी मला फक्त दोर धुवायला सांगितले होते. बदलायला नाही.

खुब्याचं हाड मोडून ते इस्पितळात पडले आणि त्यांची शिडाची होडी माझ्या गळ्यात पडली. आई गेल्यापासून ते त्या होडीतच राहायचे. बरं होऊन तिथेच परत जायचं, या एका हट्टापायी सत्तरी उलटलेला माणूस वॉकर धरून रोज व्हरांड्यात खेपा घालत होता.

ते मला फौजदार म्हणतात, आणि हे नाव काही उगीच पडलेलं नाही. फौजदार, ते म्हणाले, धक्क्याला बांधलेल्या चार दोरांपैकी एका वेळी एकच सोड. गोड्या पाण्यात भिजव, साबण अगदी थोडा, आणि सावलीत वाळव.

मी तसंच केलं. बादलीच्या तळाशी मूठभर वाळू बसली आणि दोरांचा मूळचा पांढरा रंग कित्येक वर्षांनी दिसला. एक दोर मात्र धक्क्याच्या कडेला घासून अर्धा झिजला होता. तेवढाच बदलला असता तरी भागलं असतं. पण अर्धवट काम मला सोसत नाही.

दुकानदाराने विचारलं, शिडाला हवाय की बांधायला? मी म्हटलं, सगळ्यात मजबूत असेल तो द्या. तो काहीतरी समजावू लागला, तेव्हा दोर विका, अक्कल नको, असं सुनावून मी त्याला गप्प केलं. बिचाऱ्याने निमूटपणे चार तुकडे कापून दिले. ते बांधून मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी वादळ झालं. मी पोचले तेव्हा पाण्याबाहेर फक्त डोलकाठी उरली होती. धक्क्यावरच्या रखवालदाराने एक दोर माझ्या हातात दिला. त्याच्या टोकाला होडीवरची लोखंडी खुंटी अजून अडकलेली होती, आणि खुंटीला उखडलेली फळी. दोराचा एक धागासुद्धा तुटला नव्हता.

"ताई, हा शिडाचा दोर आहे, हा ताणला जात नाही," तो म्हणाला. "बांधायचा दोर थोडा ताणला गेला पाहिजे, म्हणजे लाटेचा हिसका तो स्वतः सोसतो. याने सगळे हिसके होडीला दिले."

जुने दोर असते तर, असं मी विचारलं. वाचली असती, तो म्हणाला.

इस्पितळात बाबा खुशीत होते. त्या सकाळी ते पहिल्यांदाच चार पायऱ्या चढले होते. त्यांचं ते सांगून होईपर्यंत मी थांबले आणि मग होडी बुडाल्याचं सांगितलं.

"दोर तुटले?" त्यांनी विचारलं.

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माझी बोबडी वळली. "हो," मी म्हणाले. "जुने झाले होते, बाबा."

त्यांनी मान डोलावली. गेल्या वर्षीच बदलायला हवे होते, मीच आळस केला, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला.

"माझ्या चुकीपायी तुला हे बघावं लागलं, पोरी. मला माफ कर."

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"असू द्या, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांना माफ केलं.