उन्हातल्या मोटारी

वैशाखातली अमावस्या होती, म्हणून बेळगावच्या वडगावात विणकरांचे माग बंद होते. एरवी उजाडल्यापासून गल्लीभर चालणारी खटखट त्या दिवशी नव्हती, आणि ती नसली की कल्लाप्पाला घरात काय करावं ते सुचत नसे. त्यात त्याची बायको ताराबाई बाळंत होऊन आठच दिवस झाले होते. ही तिसरी खेप अवघड गेली होती. बाळ तिला धड झोपू देत नव्हतं, आणि थोरली अंजनी व धाकटी जया सारख्या तिच्या बाजेभोवती घुटमळत होत्या. अंजनी पाच वर्षांची, जया अडीचची. बाळंतिणीला शेकायला येणारी शेजारची नागुबाईच शेवटी म्हणाली, पोरींना घेऊन कुठंतरी जाऊन ये बाबा, म्हणजे हिचा तरी डोळा लागंल.

कुठं न्यायचं याचा विचार कल्लाप्पाला करावा लागला नाही. आठवडाभर खडेबाजारात एक माणूस ताशा बडवत हिंडत होता. लष्कराच्या कॅम्पाजवळच्या माळावर दोन दिवस मोटारींचं प्रदर्शन भरणार होतं. नव्या कोऱ्या मोटारी येणार, कुणीही यावं, बघावं, हात लावावा. निपाणीला जाणारी सर्व्हिस मोटार कल्लाप्पाच्या ओळखीची होती, पण टपावर तंबाखूची बोदं लादलेला तो खिळखिळा डबा. नवी मोटार त्यानं फक्त धुरळा उडवत जाताना पाहिली होती. खरं सांगायचं तर पोरींपेक्षा त्यालाच जायची हौस जास्त होती.

ताराबाईनं पडल्या पडल्या एवढंच सांगितलं, की उन्हं तापायच्या आत परत या. त्यानं मान डोलावली. पण पोरींच्या वेण्या, भाकरी, जयाचं रुसणं यात निघायलाच उशीर झाला. अंजनीला तिचं ठेवणीतलं परकर-पोलकं हवं होतं. कल्लाप्पानं स्वतः विणलेल्या लुगड्याच्या तुकड्यातून ताराबाईनं ते शिवलं होतं, चांगलं दाट विणीचं. धाकटीला खांद्यावर आणि थोरलीला बोटाशी धरून तो शहापुरातून, खडेबाजारातून चालत माळावर पोचला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मोटारी मात्र बघण्यासारख्या होत्या. दोरखंडानं आखलेल्या चौकात दोन रांगा, पंधरा-सोळा तरी असतील. काळ्या, तपकिरी, एक तर दुधाच्या सायीच्या रंगाची. त्यांच्या पत्र्यावरून ऊन असं उसळत होतं की डोळे मिटावेत. एका बाजूला साहेब लोकांसाठी मांडव घातला होता. बाकी माणूस उघड्यावर. झाडं होती ती पार टोकाला, जिथं खेड्यातून आलेल्यांनी बैलगाड्या सोडल्या होत्या. पण तिथून मोटारी दिसत नव्हत्या, म्हणून तिथं कुणी थांबत नव्हतं. अर्धं बेळगाव लोटलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या काखेत, खांद्यावर एकेक पोर होतं. पोरांनाच तर दाखवायचं होतं सगळ्यांना.

जयानं आल्याबरोबर भोकाड पसरलं. तिला उतरायचं होतं, उतरवलं की पायाला चटके बसत, मग परत खांद्यावर घ्यायचं. कल्लाप्पानं तिच्या डोक्यावर टॉवेल टाकला, बरोबरच्या तांब्यातलं पाणी तिलाच पाजलं, तिला खेळवायला तोंडानं भोंगा वाजवला. अंजनीचं तसं काही नव्हतं. ती बापाच्या धोतराचा सोगा धरून पहिल्यांदा खूप बोलली. मोटारीचं तोंड कुठलं, ती रातच्याला झोपते का, तिला चारा काय घालतात. मग हळूहळू तिचं बोलणं कमी झालं. कल्लाप्पाला वाटलं, बघण्यात गुंगली.

रांगेच्या मधोमध एक बंद टपाची मोठी मोटार होती. तिचा विक्रेता, डोक्यावर साहेबी टोपी घातलेला एक तरतरीत गृहस्थ, लहान पोरांना आत बसवून दाखवत होता. चार-पाच पोरं एकदम बसवायची, दार लावायचं, म्हणजे बाहेरच्यांना कळावं की आत किती ऐसपैस जागा आहे. नव्या गादीवर धूळ नको म्हणून काचा वर चढवलेल्या. त्यासाठीही रांग होती, आणि कल्लाप्पा त्या रांगेत उभा राहिला. आपल्या सात पिढ्यांत कुणी मोटारीत बसलं नव्हतं, अंजनी बसणार होती. रांग हलायला चांगलाच वेळ लागला. जया रडून रडून खांद्यावरच पेंगली.

अंजनीची पाळी आली. काचेपलीकडे तिचा चेहरा दिसला तेव्हा कल्लाप्पानं हात हलवला. बाकीची पोरं काचेवर हात आपटत होती, हसत होती. अंजनी नुसती बसून होती. विक्रेता बाहेरच्यांना मोटारीचे गुण सांगत राहिला, आणि पोरं बराच वेळ आतच राहिली.

दार उघडल्यावर ती उतरली, ती जराशी झोकांडी खाऊन. तोंड लालबुंद झालं होतं. आवडली का, असं त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कल्लाप्पा कौतुकानं सांगू लागला, की धाकटी बघा कशी त्रास देते, ही मात्र शहाणी आहे, हूं की चूं नाही. एवढ्यात अंजनी मटकन खाली मातीत बसली. त्यानं तिला परकर मळंल म्हणून उठायला सांगितलं. ती उठली नाही.

ताकाचं मडकं डोक्यावर घेऊन एक बाई बाजूनं चालली होती. मनुबाई तिचं नाव. खानापूरकडच्या एका खेड्यातून ती ताक विकायला आली होती. वयानं पन्नाशीची, काटक. ती थबकली, अंजनीकडं बघत राहिली, आणि मडकं खाली ठेवून पोरीच्या मानेला हात लावला.

"हिचा घाम कवाधरनं थांबलाय?" तिनं विचारलं.

कल्लाप्पाला प्रश्नच कळला नाही. त्यानं खाली वाकून कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं ठणठणीत होतं, आणि तव्यासारखं तापलेलं. त्यानं हाक मारली तेव्हा अंजनीनं बापाकडं बघितलं, पण ओळख नसल्यासारखं. मग तिचे डोळे फिरले.

"उचल हिला. गाड्यांच्याकडं सावलीत ने," मनुबाई म्हणाली. जयाला तिनंच काखेत घेतलं, आणि मडकं तिथंच टाकून ती त्याच्यामागं निघाली. गर्दीतून वाट काढताना कल्लाप्पाच्या हातात पोर चिंधीसारखी लोंबत होती. झाडाखाली सोडलेल्या एका गाडीच्या आडोशाला त्यानं तिला ठेवलं. मनुबाईनं तिचं पोलकं सोडलं, परकराचा दाट घेर काढून टाकला. तो पाणी पाजायला गेला तर तिनं हात धरला. शुद्धीत नसलेल्या पोराच्या तोंडात काही घालायचं नाही, ठसका लागून जाईल, म्हणाली. अंगावर पाणी हवं, आणि पुष्कळ हवं. त्या गाडीतल्या कळशीतलं पाणी पोरीचं डोकं भिजवण्यात संपलं. विहीर रस्त्यापलीकडे, लांब.

तेव्हा कल्लाप्पाला दोरखंडाच्या आतल्या बादल्या आठवल्या. माणसांना प्यायला त्या माळावर थेंब नव्हता, पण मोटारी पुसायला आणि त्यांच्या तोंडात ओतायला प्रत्येक मोटारीपाशी पाण्याच्या बादल्या होत्या.

कल्लाप्पा मुळात भिडस्त माणूस. सूत देणाऱ्या सावकारापुढंही त्याचा आवाज चढत नसे. पण त्या दिवशी तो धावत गेला आणि दोरखंडाखालून आत शिरला. पहारेकऱ्यानं त्याचा दंड धरला. समोर खाकी कपड्यातला एक ड्रायव्हर, यल्लाप्पा त्याचं नाव हे नंतर कळलं, सायीच्या रंगाच्या मोटारीला फडका मारत होता. त्याच्या पायाशी दोन बादल्या भरलेल्या होत्या.

"माझी पोरगी जातीया," कल्लाप्पा म्हणाला. "पाणी द्या."

यल्लाप्पाचा हात थांबला. त्यानं विचारलं काही नाही. फडका मोटारीवरच टाकला, दोन्ही बादल्या उचलल्या आणि कुठं आहे पोर एवढं म्हणून पळत सुटला. मोटारीचा मालक मांडवातून त्याच्या नावानं ओरडत होता, तो मागं वळला नाही.

पुढचा वेळ किती गेला ते कल्लाप्पाला कधीच सांगता आलं नाही. मनुबाई ओंजळी-ओंजळीनं पाणी घालत होती, मानेवर, काखेत, जांघेत. कल्लाप्पानं मुंडासं सोडून भिजवलं आणि त्यानंच वारा घालू लागला. यल्लाप्पा आणखी दोनदा बादल्या भरून घेऊन आला. भोवती जमलेल्या माणसांना मनुबाईनं मागं हटवलं, पोरीला वारा लागू द्या म्हणून. जया एका अनोळखी बाईच्या मांडीवर बसून हुंदके देत होती. आणि कल्लाप्पाच्या डोळ्यांपुढून ती काच हलत नव्हती. काचेपलीकडे गप्प बसलेली अंजनी, आणि अलीकडे हसत हात हलवणारा तो.

शेवटी पोरगी आचके देऊन ओकली. मनुबाईनं तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. थोड्या वेळानं अंजनीनं डोळे उघडले, आणि इकडंतिकडं बघत बारीक आवाजात बापाला 'आप्पा' अशी हाक मारली. कल्लाप्पानं तोंड फिरवलं आणि तो ढसढसा रडला. इतक्या माणसांसमोर रडायची त्याला लाज वाटली नाही.

मग मनुबाईनं कुणाला तरी पाठवून मडकं आणवलं, ताकात मीठ घालून ती बोटानं, मग चमच्यानं पोरीला पाजत राहिली. उन्हं कलल्यावर एका गाडीवानानं त्यांना गाडीत घालून शहापूरपर्यंत सोडलं. तिथल्या डॉक्टरानं अंजनीला तपासलं. अजून थोडा उशीर झाला असता तर माझ्याकडं आणून उपयोग नव्हता, म्हणाला, आणि चार दिवस पोरीला घराबाहेर काढू नका असं बजावलं.

घराकडं चालताना कल्लाप्पाच्या मनात आलं, की बाळंतीण बाईला हे कशाला सांगायचं. पोर दमली म्हणावं, झालं. पण उंबऱ्यात पाय ठेवला आणि ताराबाईनं अंजनीच्या तोंडाकडं बघितलं, तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. रांगेतलं उभं राहणं, काचा, शेजाऱ्याशी मारलेल्या फुशारक्या, काही गाळलं नाही.

"जया रडत हुती म्हणून मी तिलाच जपत बसलो," तो म्हणाला. "अंजी गप हुती, तर मी तिला शानी म्हणत हुतो. पाणी बी तिला दिलं न्हाय मी."

ताराबाईनं अंजनीला ओढून आपल्याजवळ निजवलं, आणि दुसऱ्या बाजूला बाळ. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती त्याच्यावर चिडली नाही. मग तिनं विचारलं, "ते मोटारीचं उद्या बी हाय न्हवं?"

"व्हय. उद्या शेवटचा दिस."

"मग उद्या बी पोरं येतील."

सकाळी गल्लीत माग सुरू झाले तेव्हा कल्लाप्पा आपल्या मागावर बसला नाही. त्यानं घरातला रांजण काढला. शेजारच्या मष्णूची हातगाडी मागून घेतली, तर कारण ऐकून मष्णूच दोन बांबूच्या चटया घेऊन बरोबर आला. माळावर आत जायच्या वाटेलाच त्यांनी चटया बांधून सावली केली आणि रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून रांजण भरला. मनुबाई आली, तिनं कुणी न सांगताच आपलं मडकं त्या चटईखाली मांडलं.

येणाऱ्या प्रत्येक बापाला, प्रत्येक आईला कल्लाप्पा हात जोडून थांबवू लागला. पोराला पाणी पाजा, सावलीत घटकाभर बसवा, गप झालं तर अंगाला हात लावून बघा. अनोळखी माणसांशी बोलताना त्याची जीभ अडखळत होती. बरेच जण ऐकून न ऐकल्यासारखं करून गेले. एका कोटवाल्यानं तू डॉक्टर आहेस काय असं विचारलं, आणि त्याच्याबरोबरचे हसले.

"डाक्टर न्हाय," कल्लाप्पा म्हणाला. "काल माझी पोरगी हितं मरता मरता वाचलीया."

ते हसणं थांबलं. कोटवाल्यानं आपल्या पोराला खाली उतरवलं. पोर सावलीत बसून दोन भांडी पाणी प्यालं.

दुपारपर्यंत चटईखाली पोरांची दाटी झाली. मष्णू विहिरीवर खेपा घालून घामाघूम झाला. यल्लाप्पा मध्येच येऊन एक भरलेली बादली ठेवून गेला. मालकानं काल त्याला फार बोलून घेतलं होतं, असं त्यानं सांगितलं, पण कामावरून काढलं नव्हतं. कल्लाप्पानं त्याचे हात धरले. त्या बंद मोटारीचा विक्रेता दुरून एकदा कल्लाप्पाकडं बघून दुसरीकडं वळला. मात्र आज मोटारीच्या चारी काचा खाली होत्या आणि दारं सताड उघडी.

संध्याकाळी मोटारी एकेक करून निघून गेल्या. मष्णूनं चटया सोडल्या. मनुबाईनं मडकं विसळता विसळता पोरीची चौकशी केली. सकाळी उठून बसली, वाटीभर पेज प्याली, पण अजून डोकं दुखतं म्हणते, कल्लाप्पानं सांगितलं. मनुबाईनं बाजूला झाकून ठेवलेला एक तांब्या त्याच्या हातात दिला. आत ताक होतं. सगळ्यांना वाटता वाटता तिनं तेवढं राखून ठेवलं होतं.

"थंड हाय तवर ने," ती म्हणाली. "आणि तांब्या माघारी द्यायला पोरीला घेऊन ये. पर थंडीच्या दिसांत."

कल्लाप्पानं मान डोलावली. हातगाडी मष्णूच्या हवाली करून, तांब्या दोन्ही हातांत सांभाळत, तो घाईघाईनं वडगावच्या वाटेला लागला.