डाव्या डोळ्याचा चष्मा

मी वळू बोलतोय. म्हणजे वळू झालो असतो. आता नुसता बैल आहे.

तुमच्यापासून सातासमुद्रापार, ताकुआरेम्बोच्या माळावर माझा जन्म झाला. आमची जात लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची. बाल्दोमेरो आणि एर्सिलिया या नवराबायकोनं सगळी हयात या जातीच्या पैदाशीत घातली. जेवतानाही बोलणं एकच, कुठल्या गाईला कुठला वळू दाखवायचा. स्वतःच्या पोरांचे वाढदिवस विसरतात, पण माझी पणजी कुठल्या कुंपणाशी व्याली ते तोंडपाठ!

माझ्या डाव्या डोळ्याभोवती लाल कडं आहे. मी जन्मलो तेव्हा एर्सिलिया हरखली.

"बघ रे, चष्मा लावूनच आलाय!"

बाल्दोमेरोनं नाक मुरडलं. त्याला तोंड स्वच्छ पांढरं लागतं. का, तर त्याच्या बापाला तसंच लागायचं.

पांढऱ्या पापणीची कातडी गुलाबी असते, तिला इथलं ऊन सोसत नाही. डोळ्यात गाठ येते, डोळा सडतो, माश्या घोंगावतात. माझी आई तशीच आंधळी झाली. बाल्दोमेरो म्हातारा म्हणाला, "काटा लागला असेल." एर्सिलिया तरी कुठली शहाणी? तिला सगळं कळत होतं, पण जन्मभर माते नावाचा इथला कडू काढा पीत गप्प बसली.

डागणीचा दिवस आला. त्या दिवशी वासरांना दोरानं पाडून डाग देतात आणि नको असलेल्या खोंडांना खच्ची करतात. काढलेले वृषण तिथंच निखाऱ्यावर भाजून खायची इथली रीत. मला पाडलं तेव्हा एर्सिलिया धावत आली.

"याला ठेव. याची वासरं आंधळी होणार नाहीत."

"चष्मेवाला वळू? लोक हसतील, म्हातारे!"

"हसू देत. तुझ्या हट्टापायी गाई आंधळ्या होतायत!"

त्यानं सुरी चालवली. मी हंबरलो, दुसरं काय करणार? मग त्यानं पहिली ताटली रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे धरली. तिनं ती परत ढकलली.

"पुढच्या पिढीचे डोळे आहेत ते. तूच खा."

त्यानं खाल्लं. पण त्या दिवशी माळावर कुणी हसलं नाही.

आज कत्तलखान्याचा ट्रक आलाय. मी चढलो. मागोमाग माझी धाकटी बहीण. तिच्या दोन्ही डोळ्यांना चष्मा आहे. ट्रकला लावलेल्या फळीवर एर्सिलिया तिच्यापुढे आडवी उभी राहिली.

"ही जाणार नाही. न्यायचीच असेल तर आधी मला चढव."

"वेडी झालीस का?"

"फार उशिरा झाले."

म्हातारा पुढे झाला. बहिणीला फळीवरून खाली उतरवलं, फाटकाआड सोडलं. मग तो आपल्या लाडक्या, शुभ्र तोंडाच्या वळूकडे गेला आणि रुमालानं त्याचा पाणावलेला डोळा पुसू लागला.

"धूळ गेलीय," तो पुटपुटला.

ट्रक हललाय. माझं मांस कुणीतरी चवीनं खाईल, त्याबद्दल तक्रार नाही. त्यासाठीच वाढवलं होतं. बहिणीला सांभाळा, एवढंच मागणं.

आणि ती धूळ नाही, म्हाताऱ्या. गाठ आहे.