डाव्या फळीवरचे खळगे

जुनं लाकूड साफ करायला घेतलं की रंगाखाली काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. ही माझी जुनी खोड. भांडगावच्या विहारासाठी वरच्या आळीतल्या पोपटआबांच्या पाडलेल्या घराचं सागवानी दार विकत घेतलं होतं. सत्तर-ऐंशी पावसाळे खाऊन ते पार राखाडी झालेलं, वर डांबराची आणि तेलरंगाची पुटं. विहाराच्या कमिटीतल्या धुरपदाबाईंनी मला बजावलं, "मल्हारीमामा, त्या घराची एक बी खूण ऱ्हाता कामा न्हाई. पुनवेला उद्घाटन हाय. दार कसं कोरं करकरीत पायजे."

धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं दार घासलं, काचेच्या तुकड्यानं पुटं खरवडली. खालून मधाच्या रंगाचा साग निघाला. मी जाम खूश! पण डाव्या फळीवर, बाहेरच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर डांबरानं बुजवलेले पंचवीस-तीस खळगे निघाले. बोराएवढे, सगळे वीतभर जागेत.

हे काय प्रकरण? वाळवी म्हणावी तर आत लाकूड टणक. गारांचा मार असता तर दारभर असता. काठीचे वण लांबट पडले असते. दोन दिवस मी रंधा हातात घेऊन खुळ्यासारखा बघत बसलो. बायको म्हणाली, "तुमचं ताट त्या दारापाशीच मांडू का?"

तिसऱ्या दिवशी पोपटआबाच दार बघायला आले. धुरपदाबाईही तेलाचं डबडं घेऊन तिथंच होत्या. आबांनी खळगे बघितले आणि मान फिरवली.

"रंधा मारून टाक."

"पर हाय काय हे, आबा?" मी कसला सोडतोय!

"आमचं दार जाड. हाक आत जायची न्हाई," आबा हळू बोलले. "आन् येसकराला दाराला हात लावायची मुभा नव्हती. मग कोंड्या... कोंडिबा लांबनं खडा मारायचा."

कोंडिबा म्हणजे धुरपदाबाईंचे वडील. येसकर म्हणून घरोघर वर्दी द्यायचं काम त्यांच्याकडं होतं. छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्यांनी ते सोडलं. खड्यांचं घरात कधी बोलले नसावेत, हे बाईंच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

माझी मलाच लाज वाटली. कशाला विचारलं मी? घाईघाईनं रंधा उचलला. "बाई, चार हात मारले की सपाट होतंय बघा."

बाईंनी माझा हात धरला. मग खाली बसून एकेका खळग्यात बोट घातलं.

"सगळं एकाच जागी," त्या म्हणाल्या. "नेम चांगला होता माझ्या बापाचा."

त्यांनी जवसाचं तेल बोटानं त्या खळग्यांत चोळलं.

"मामा, रंधा ठेवा. ही फळी अशीच ऱ्हाऊ द्या, बाहेरच्या अंगाला. आन् हिला मूठ लावू नका. येणाऱ्यानं इथंच हात टेकवून दार ढकलायचं." मग त्यांनी आबांकडं बघितलं. "आबा, तुम्ही बी."