आईसाठी क्रेप सहा महिने

आई गेली तेव्हा मला नववा महिना होता. अंत्यविधीला अंगाला होईल असा एकच कोट होता, तोही काळा नव्हे, निळा. तोच घालून गेले. मग लगेच मेबल झाली आणि जो येई तो बाळाचं वजन विचारी. आईचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही.

म्हणून असेल, जुन्या पोशाखांच्या मंडळाचं व्हिक्टोरियन पार्टीचं बोलावणं आलं आणि मी त्या काळचा दुखवट्याचा काळा झगा शिवायला घेतला. मेबल झोपली की मशीन, उठली की दूध.

"अगं, बाकीच्या बायका गुलाबी घालून मिरवणार आणि तू मयताला निघाल्यासारखी?" माझा नवरा लुईस म्हणाला.

"शिवायला सोपाय," मी म्हटलं. सोपा मुळीच नव्हता. का शिवतेय ते मलाच सांगता येईना.

व्हिटबीतल्या चर्चमागच्या हॉलमध्ये पार्टी. नियम एकच, चहा येईपर्यंत सगळ्यांनी त्या काळातलेच असल्यासारखं बोलायचं-वागायचं. लुईस मेबलला घेऊन कोपऱ्यात बसला. मी दोन पावलं टाकली नाहीत तोच स्टॉरबाईंनी माझी बाही धरली. मंडळातल्या सर्वांत जुन्या त्या. एक बटण चुकलं तरी त्यांना दाराशी दिसतं.

"टाके सुरेख आहेत गं पोरी. कोण गेलं?"

"आई."

"कधी?"

"गेल्या हिवाळ्यात."

"आणि आता ऑक्टोबर! मग हे क्रेप अजून कशाला?" झग्यावरच्या खरखरीत, बिनचमकीच्या पट्ट्यांवर त्यांनी बोट आपटलं. "आईसाठी क्रेप सहा महिने. मग साधं काळं. आता तर करड्यावर यायला हवीस. लोक म्हणतील, पोरीला सोडवत नाही."

सगळे हसले. मीही हसले, कशाला ते न कळून.

मग मंडळातलाच, गालमिश्या लावलेला विल्फ पुढे आला. उंच टोपी छातीशी धरून म्हणाला, "बाईसाहेब, ऐकून फार वाईट वाटलं." डोळ्यांत पाणी आणलं त्यानं, खरोखरचं. हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी इतके महिने थांबले होते. आता म्हटलं गेलं, तर आभार मानायचे की टाळ्या वाजवायच्या?

"काय झालं होतं त्यांना?"

"स्वादुपिंडाचा कॅन्सर. कळलं तेव्हा उशीर झाला होता."

"छे छे, हे नाही चालायचं!" तो कानाशी कुजबुजला. "तेव्हाच्या डॉक्टरांना हे कुठलं कळायला? क्षय म्हणा."

"पण तिला क्षय नव्हता."

"बरं, नाव काय ठेवलंय आईचं?"

"ग्लेंडा."

"हेही त्या काळातलं नाही हो. मार्था करू या का?"

मार्था, क्षयानं गेलेली. क्षणभर वाटलं, असंच करावं. त्या बाईसाठी रडता येईल, सगळ्यांसमोर, आणि कुणी अवघडणार नाही.

"नाही," मी म्हटलं. "ग्लेंडाच." आवाज चिरकला.

विल्फनं स्टॉरबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे. त्या चेहऱ्यावर काय होतं, मला वाचता आलं नाही. तेवढ्यात मेबलनं भोकाड पसरलं आणि लुईस तिला घेऊन धावत आला. तिला पाजायला झग्याचे पुढचे हुक काढायला गेले, ते सुटेनात तशी ओढायलाच लागले.

"थांब, फाडशील," म्हणत स्टॉरबाईंनी मला खुर्चीत बसवलं, एकेक हुक सोडवला, अंगावर आपली शाल टाकली आणि शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"हं. तर ही ग्लेंडा. कशी होती?"

चहा अजून आला नव्हता. त्या खेळात होत्या की खेळाबाहेर? विचारायचा धीर होईना. 'खेळात' असं उत्तर आलं असतं तर?

"चिप्सवर व्हिनेगर इतकं ओतायची," मी म्हटलं, "की खालचा कागद भिजून फाटायचा."

"अगं बाई. मग?"

"मग मलाच ओरडायची, तू धक्का दिलास म्हणून."

विल्फ टोपी मांडीवर घेऊन खाली फरशीवरच बसला. "आणि दिलेला असायचा का धक्का?"

"कधी कधी," मी म्हटलं, आणि मेबलच्या डोक्यावर टपटप पाणी पडायला लागलं.